किनारा नाकारलेल्यांसाठी

२०२० सालच्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी आकडे यायचे. आज किती बाधित, किती बरे झाले, किती गेले. जिल्ह्याचे, राज्याचे, देशाचे, जगाचे. घराघरांत माणसे ते आकडे ऐकायची आणि मनातल्या मनात कुणाची तरी काळजी करायची. विषाणूने गेलेल्या माणसाला त्या तक्त्यात निदान एका अंकाची जागा होती. पुष्कळांना तीही मिळाली नाही, हे पुढे कळले. पण जागा असायला हवी होती, एवढे तरी सगळ्यांना मान्य होते.

त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात काही माणसे तहानेने मरत होती. मरण्याआधी ती एका देशाच्या किनाऱ्याजवळ पोचली होती. तिथे त्यांना उतरू दिले गेले नाही, कारण साथ होती. हे मरण कोणत्या रकान्यात लिहायचे ते कुणी ठरवलेच नव्हते, म्हणून ते कुठल्याच रकान्यात लिहिले गेले नाही. त्या साथीत आपण कितीतरी जणांसाठी रडलो. या माणसांसाठी रडायचे राहून गेले. हे लिहिणे त्यांच्यासाठी आहे.

फेब्रुवारी २०२०. जग अजून मोकळे होते. बांगलादेशाच्या दक्षिण टोकाकडून छोट्या होड्यांतून निर्वासित छावण्यांतली रोहिंग्या माणसे काळोखात निघाली आणि समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या मच्छीमार बोटीवर चढली. जायचे होते मलेशियाला. कुणाचा नवरा तिथे बांधकामावर होता, कुणाचा भाऊ. कुणा मुलीचे लग्न तिथल्या मुलाशी ठरले होते. छावणीत हुंड्याला पैसे कुठून आणायचे, म्हणून बापाने दलालाच्या हातात पैसे ठेवले होते. बोटीत निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि मुले होती. गुडघे छातीशी घेऊन, एकमेकांना चिकटून, पाय पसरायलाही जागा नाही अशी ती बसली.

बोट पाण्यात असतानाच जमिनीवरचे नियम बदलले. मार्चच्या मध्यावर मलेशियाने टाळेबंदी लावली. सीमा मिटल्या. बोट तिथवर गेली, आणि तिला परत फिरवण्यात आले, असे वाचलेल्यांनी नंतर सांगितले. मग ती नुसती भरकटत राहिली. तांदूळ संपत आला, पाणी संपत आले. बोट चालवणारे मारहाण करत. जे गेले त्यांना समुद्रात सोडण्यात आले. ना जनाजा, ना कफन, ना मूठमाती. आईच्या मांडीवरचे मूल गेले तर ते पाण्यात टाकताना तिला काय वाटले असेल, याची कल्पना मी करू पाहतो आणि तिथेच थांबतो. त्या दुःखात शिरण्याचा मला अधिकार नाही.

१५ एप्रिलच्या रात्री बांगलादेशाच्या तटरक्षक दलाने ती बोट टेकनाफजवळ किनाऱ्याला आणली. समुद्रात जवळजवळ दोन महिने काढून ३९६ माणसे उतरली. पुष्कळांना उभेही राहता येत नव्हते. वाटेत किती गेले, याचा वाचलेल्यांनी सांगितलेला हिशेब जुळला नाही. कुणी तिसाच्या आसपास म्हणाले, कुणी त्याच्या दुपटीहून अधिक. ज्यांची मोजदाद फक्त अर्धमेल्या माणसांच्या आठवणीत शिल्लक आहे, असे ते मृत.

दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, लंकावी बेटाजवळ मलेशियाच्या विमानाला आणखी एक बोट दिसली. तिच्यात सुमारे २०० रोहिंग्या होते. नौदलाने त्यांना अन्न दिले आणि मागे वळवले. ते कोविड घेऊन येतील अशी भीती वाटते, असे कारण सांगितले. याच मलेशियात आजवर लाखभर रोहिंग्यांनी आसरा घेतला आहे, हेही विसरता कामा नये. म्हणूनच ते अन्न घशाखाली उतरत नाही. भुकेल्याला घास द्यायचा आणि त्याच हाताने त्याला खोल पाण्याकडे लोटायचे, यात भूक ओळखण्याइतकी माणुसकी होती. साथीने फक्त तिची हद्द ठरवून दिली होती.

ही माणसे आली कुठून? २५ ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या राखाइन प्रांतात लष्कराने गावेच्या गावे जाळली. नाफ नदी ओलांडून, डोंगर चढून, पुढच्या काही महिन्यांत ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. ज्या देशात त्यांच्या पिढ्या गेल्या, त्या देशाने १९८२च्या कायद्याने त्यांना नागरिकच मानले नव्हते. कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या उखिया आणि टेकनाफच्या टेकड्यांवरची झाडे तुटली, तांबडी माती उघडी पडली आणि तिच्यावर बांबू आणि ताडपत्रीचे एक शहर उभे राहिले. कुतुपालोंग आणि बालुखालीच्या त्या छावण्यांत एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ४०,००० माणसे राहत होती. एका खोलीत अख्खे कुटुंब. हातपंप सामायिक, शौचकूप सामायिक. निम्म्याहून अधिक वस्ती अठरा वर्षांच्या आतली.

साथ आली तेव्हा या शहरालाही तेच सांगण्यात आले जे मुंबई-पुण्याला सांगण्यात आले होते. घरात राहा. अंतर ठेवा. हात धुवा. लोकांनी ऐकले. जमेल ते केलेही. पण दोन झोपड्यांमध्येच जिथे सहा फूट नसतात, तिथे दोन माणसांमध्ये कुठून आणायचे? पाणी भरायला रांग, तांदूळ घ्यायला रांग, शौचाला रांग. ज्याचे सगळे जगणेच रांगेवर चालते, त्याला गर्दी टाळा सांगणे म्हणजे जगणे टाळा सांगण्यासारखेच.

मग मदतीचा हात आखडला. मार्चच्या अखेरीस आणि पुन्हा एप्रिलच्या सुरुवातीला हुकूम निघाले : छावणीत फक्त अत्यावश्यक कामे चालतील, आणि एरवी येणाऱ्या मदतकार्यकर्त्यांपैकी पाचातला एकच आत जाईल. या हुकमामागे दुष्टावा नव्हता. बाहेरून येणारी माणसेच विषाणू आत नेतील आणि तो एकदा आत शिरला की आवरणार नाही, ही भीती खरी होती. जिल्ह्याच्या सदर रुग्णालयात पहिला अतिदक्षता विभाग उघडायलाही जून उजाडला. अशा ठिकाणी सावध राहणे हेच काळजीचे लक्षण होते. तरीही त्या हुकमाने जे मोडले त्याबद्दल दुःख करायला हवे. सद्हेतूने मोडलेली गोष्टही मोडलेलीच असते.

अत्यावश्यक काय? अन्न, पाणी, औषध, स्वयंपाकाचा गॅस, मैला साफ करणे. यादी योग्यच होती. आणि अत्यावश्यक नाही ते काय? मुलांच्या शिकण्याच्या जागा बंद झाल्या. मुलांनी खेळावे म्हणून राखलेले निवारे बंद झाले. स्त्रियांनी तासभर येऊन बसावे, बोलावे, रडावे म्हणून असलेली ठिकाणे पुष्कळशी बंद झाली. अंगावर अत्याचार झालेल्या बाईपाशी रोज येऊन बसणारी कार्यकर्ती आता फोनवर बोलणार होती. आणि फोन असला तर तो नवऱ्याच्या हातात असायचा. त्यात २०१९च्या सप्टेंबरपासून छावण्यांत इंटरनेट जवळजवळ बंदच होते. ते पुन्हा सुरू झाले २०२०च्या ऑगस्टअखेर, साथ येऊन काही महिने उलटल्यावर.

दुरून पाहणाऱ्याला मदत म्हणजे तांदळाचे पोते दिसते. पोते मोजता येते, त्याचा फोटो काढता येतो, हिशेबात धरता येते. पण छावणीत राहणाऱ्याला मदत म्हणजे रोज येणारे एक माणूसही असते. ते माणूस विचारते, तुमची धाकटी आज का दिसली नाही? तिचे लग्न ठरवताय का, ती तर लहान आहे अजून. हा दलाल इथे कशाला फिरतोय? या मुलाचा दंड एवढा बारीक कसा झाला? या प्रश्नांनी किती मुलींचे बालपण वाचले, किती पोरे बोटीत चढायची राहिली, याची नोंद नाही. जे घडले नाही त्याची नोंद कोण ठेवणार? साथीत पोते येत राहिले आणि ते माणूस यायचे थांबले. पाठोपाठ बालविवाहाच्या, घरातल्या मारहाणीच्या, मुली नाहीशा होण्याच्या बातम्या येत गेल्या. विस्थापिताकडे घर नसते, कागद नसतो, मत नसते. जगाने त्याच्याकडे टाकलेली रोजची नजर, एवढीच त्याची मालमत्ता. आणि साथीत ती नजर बाकीच्या सगळ्यांच्या आधी वळली.

त्या रिकाम्या जागेत छावणीतलीच माणसे उभी राहिली. शेकडो रोहिंग्या तरुण-तरुणी स्वयंसेवक म्हणून दारोदार गेले. हातात कर्णा घेऊन आपल्या बोलीत सांगत फिरले. मशिदीतून इमाम हात धुण्याचे सांगू लागले. बाया शिलाई यंत्रांवर मास्क शिवू लागल्या. आजवर त्यांना मदत घेणारे म्हणून ओळखले जायचे; तज्ज्ञ बाहेर अडकले तेव्हा छावणी तगली ती त्यांच्या पायांवर. हे त्यांचे ऋण आहे, आणि ते पुरेसे फिटलेले नाही.

१४ मे २०२० रोजी छावणीत पहिला रोहिंग्या रुग्ण सापडला. जूनच्या आरंभी पहिल्या मृत्यूची नोंद झाली. सगळ्यांना वाटले, आता वणवा पेटणार. तसा तो पेटला नाही. वर्षअखेरीस छावण्यांत कोविडचे नोंदलेले मृत्यू दहाच्या आसपास होते. वस्ती तरुण होती, हे एक कारण. दुसरे कारण दुःखाचे आहे : लोक तपासणीलाच जात नव्हते. रुग्ण सापडला की त्याला उचलून नेतात, मारून टाकतात, अशी अफवा फिरत होती. ज्यांनी गणवेशातल्या माणसांना घरे जाळताना पाहिले, त्यांना अंगभर पोशाख घालून येणाऱ्या पथकाची भीती वाटली, तर त्यांना अडाणी म्हणण्याची हिंमत कुणी करू नये. एवढे खरे की छावणीच्या नावापुढे विषाणूने लिहिलेला आकडा लहान राहिला. समुद्राने लिहिलेला आकडा मोठा होता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०२०मध्ये सुमारे २,४०० रोहिंग्यांनी हा समुद्र ओलांडायचा प्रयत्न केला आणि त्यांतले २०० हून अधिक मेले किंवा बेपत्ता झाले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात समुद्रातून सोडवलेल्या आणखी ३०० च्या वर रोहिंग्यांना भासान चर नावाच्या बेटावर नेण्यात आले. हे बेट मेघनेच्या मुखाशी गाळ साचून या शतकातच वर आलेले. तिथे याआधी माणूस राहिला नव्हता. विलगीकरणासाठी नेतोय, असे सांगितले होते. विलगीकरणाचे दिवस सरले, महिने सरले. छावणीतल्या आपल्या माणसांकडे त्यांना परतता आले नाही. वर्ष संपताना त्याच बेटावर छावण्यांतून आणखी कुटुंबे हलवायला सुरुवात झाली. साथ ओसरली तरी तिच्या नावाने बंद झालेले दार पुष्कळदा बंदच राहते.

आणि त्यांना बेटावर नेले त्याच आठवड्यात, ८ मेच्या पहाटे, आपल्या मराठवाड्यात, करमाडजवळ, रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. जालन्याच्या कारखान्यांत राबणारी मध्य प्रदेशची ही पोरे भुसावळकडे चालत निघाली होती. सगळे थांबले आहे असे सांगितले गेले होते, त्यावर विश्वास ठेवून थकलेले जीव रुळांवर आडवे झाले. कोविडच्या तक्त्यात तेही नाहीत. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, असा प्रश्न सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारला गेला, तेव्हा सरकारने उत्तर दिले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. रोहिंग्यांचे दुःख आपल्याला परके वाटत असेल तर हे उत्तर पुन्हा वाचावे. घरापासून तुटलेला माणूस साथीत मरतो तेव्हा त्याचे मरण कुणाच्याच वहीत बसत नाही; त्याच्या खिशात कोणत्या देशाचा कागद आहे याने फारसा फरक पडत नाही.

आपण म्हणतो, त्या वर्षी जग थांबले. २३ मार्चला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनियो गुटेरेस यांनी साऱ्या जगाला शस्त्रे खाली ठेवण्याची विनंती केली. विमाने थांबली, कारखाने थांबले. बंदुका थांबल्या नाहीत. २०१९ संपताना जगात ७ कोटी ९५ लाख माणसे घरादारावरून उठलेली होती, २०२० संपताना ती ८ कोटी २४ लाख झाली. पळायला लावणारे सगळे चालू राहिले, आसरा देणारे तेवढे थांबले. निर्वासितांना सुरक्षित देशांत कायमचे वसवण्याचे काम मार्चमध्ये थांबवण्यात आले. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले, पण साऱ्या वर्षात निर्वासित संस्थेमार्फत जेमतेम २२,८०० माणसांना नवा देश मिळाला. जगात निर्वासित होते दोन कोटींहून अधिक. कित्येकांची मुलाखत झाली होती, वैद्यकीय तपासणी झाली होती, तिकीट तेवढे यायचे होते. तपासणीची मुदत संपली, सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्यांचे दुःख बातमीत यावे इतके मोठे नव्हते, पण एक आयुष्य नासवायला पुरेसे होते.

पैशाचेही तसेच झाले. साथीतल्या मदतीसाठी संयुक्त राष्ट्रांनी मार्चमध्ये २ अब्ज डॉलर मागितले. जुलैपर्यंत गरज १० अब्जांवर गेली. श्रीमंत देशांनी आपापल्या घरासाठी याच्या कित्येकशे पट रकमा काढल्या, आणि दुसऱ्यांसाठी ठेवलेल्या पुडीला हात घातला. ब्रिटनने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली. आपल्या घरात दुखणे असले की शेजाऱ्याचे विसरायला होते, हे माणसाचे आहे. पण इथे शेजारी अंथरुणाला खिळलेला होता आणि औषध आपल्याच हातात होते.

औषधाचा विषय निघाला की पुण्याचे नाव येतेच. पुण्यात बनलेली कोविशील्ड लस बांगलादेश विकत घेत होता. गरीब देशांसाठीच्या कोव्हॅक्स योजनेचीही मोठी भिस्त पुण्यावर होती. २०२१च्या मार्चअखेर आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि लशीची निर्यात थांबली. त्या दिवसांत आपल्या गावोगावच्या केंद्रांवर माणसे पहाटेपासून उभी होती, स्मशानांत जागा नव्हती. लस बाहेर का जाऊ दिली नाही असे विचारण्याचे बळ कुणातच नव्हते. तरी परिणाम झाला तो झाला. एप्रिलअखेर बांगलादेशाला पहिली मात्रा देणे थांबवावे लागले. छावण्यांत लसीकरण सुरू व्हायला १० ऑगस्ट २०२१ उजाडला, आणि ते पंचावन्न वर्षांवरच्यांपासून सुरू झाले. एका शहरातल्या कुप्या अडतात आणि दूरच्या टेकडीवरची म्हातारी वाट पाहत राहते. जग इतके एकमेकांत गुंतलेले आहे, आणि तरी रांगेत शेवटी कोण उभे राहील हे मात्र आधीच ठरलेले असते.

त्याआधी, २२ मार्च २०२१ रोजी, बालुखालीत आग लागली. काही तासांत सुमारे ४५,००० माणसांचे छप्पर गेले, किमान अकरा जीव गेले. छावणीभोवती काटेरी तारेचे कुंपण उभे राहिले होते. आगीतून पळताना माणसे त्या तारेशी अडली. आत ठेवण्यासाठी बांधलेली तार संकटात बाहेर पडू देत नाही, हे आधी कळायला आग लागायची गरज नव्हती.

मुलांची शिकण्याची ठिकाणे सुमारे दीड वर्षाने उघडली. तोवर कित्येक मुले कामाला लागली होती, कित्येक मुली सासरी गेल्या होत्या. २०२३मध्ये, साथ ओसरल्याचे जगाने जाहीर केले त्याच वर्षी, पैसा आटल्यामुळे रोहिंग्यांचा शिधा माणशी महिना १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरवर आला. दिवसाला पाव डॉलरच्या थोडे वर. पुढे तो पुन्हा वाढला. पण साथीत आखडलेला हात पूर्वीसारखा मोकळा झाला नाही, हे छावणीतल्या बाईला ताटाकडे पाहून कळते.

या सगळ्यातून दुसरा रस्ता नव्हता का? होता. टेकनाफला उतरलेल्या त्या ३९६ जणांनाही पुढचे दोन आठवडे विलगीकरणात ठेवले गेले. जमिनीवर. छपराखाली, पाणी आणि जेवण देऊन. म्हणजे किनारा आणि सावधगिरी यांत वैर नव्हतेच. जे एप्रिलच्या मध्यावर टेकनाफला जमले, ते मार्चमध्येही कुठल्याही किनाऱ्यावर जमले असते, आणि समुद्रात सोडलेली ती मुले आज शाळेत जाण्याच्या वयाची असती.

दुसरा पुरावा २०२०च्या जूनअखेरीचा. इंडोनेशियातल्या उत्तर आचेच्या समुद्रात स्थानिक कोळ्यांना एक मोडकी बोट दिसली. तिच्यात शंभराच्या आसपास रोहिंग्या होते, त्यांत कितीतरी मुले. अधिकाऱ्यांनी कोविडच्या भीतीने त्यांना किनाऱ्यावर घ्यायला नकार दिला. गावकरी वाळूवर जमले, चिडले, आणि शेवटी त्यांनी स्वतः पाण्यात उतरून ती माणसे बाहेर काढली. मग तपासण्या झाल्या, मग राहण्याची सोय झाली. हे कोळी श्रीमंत नव्हते. साथीची भीती त्यांनाही होती, त्यांच्याही घरात म्हातारी माणसे होती. समुद्रावर जगणाऱ्यांचा जुना नियम त्यांना ठाऊक होता : पाण्यातल्या माणसाला आधी बाहेर काढायचे. बाकीचे प्रश्न नंतर.

पुढची साथ येईल. तिच्यासाठी लशींचे साठे, चाचण्यांचे संच, प्राणवायूच्या टाक्या यांच्या योजना आज आखल्या जात आहेत, आणि त्या आखायलाच हव्यात. त्याच कागदांवर आणखी काही ओळी लिहिता येतील. बोट दिसली तर तिला आधी किनारा द्यायचा आणि मग विलगीकरण. छावणीत रोज जाऊन विचारपूस करणाऱ्या माणसाला डॉक्टरइतकेच अत्यावश्यक मानायचे. लशीच्या रांगेत ज्याच्याकडे कागद नाही त्याचा नंबर आधीच धरून ठेवायचा. आणि बंद दारामुळे जो मरेल त्याचीही मोजणी साथीच्या मृतांत करायची. यातल्या एकाही ओळीला नवे शास्त्र लागत नाही. त्यातली पहिली आचेच्या कोळ्यांनी कागदाशिवाय पाळून दाखवली. त्या ओळी लिहिल्या जात नाहीत आणि पाळल्या जात नाहीत, तोवर त्या समुद्रात गेलेल्यांचे सुतक आपल्या सगळ्यांवर आहे, आणि ते दिवस मोजून फिटणारे नाही.